काचेतली गिरकी

श्वानसाहेब दुकानात शिरले ते ओरडतच.

"बापानं दुकान मांडलं आणि लेकीनं दरोडा घातला! कुठंय माझा ब्रोच?"

काउंटरमागे बसलेल्या बाईनं हातातला चिमटा खाली ठेवला. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेलं एक गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं. ते पट्टा न बदलताच उठून गेलं.

श्वानसाहेब हे अर्थात बाजारानं ठेवलेलं नाव, पाठीमागे घ्यायचं. त्यांना जुन्या दागिन्यांचा नाद होता. मात्र दागिन्यावर कुत्रा हवा, नाहीतर ते ढुंकूनही पाहायचे नाहीत. सोन्यातलं पळतं शिकारी कुत्रं, मीनाकामातलं पिल्लू, कफलिंकवरचे दोन बुलडॉग, जबड्यात मोती धरलेली टायपिन. असल्या वस्तूंची तीन कपाटं त्यांच्या घरी होती आणि त्याच नादाच्या आठ माणसांचं एक मंडळही त्यांनी काढलं होतं. जुना दागिना मोडला की मंडळातली सगळी माणसं या बाईकडे यायची. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला कायम भिंग लटकलेलं असे, म्हणून तिलाही बाजारानं नाव दिलं होतं: भिंगवाली. दुकान तिच्या वडिलांचं. त्यांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ती एकटीच ते सांभाळत होती.

"साहेब, ब्रोच तर मी तुम्हाला परत दिला," ती म्हणाली. "मागच्या टाचणीचा फास घट्ट करून. दीड महिना झाला त्याला."

"परत दिलास तो हा!" त्यांनी खिशातली डबी काउंटरवर आपटली. आजवर ते तिला अहो-जाहो करत आले होते. त्या दिवशी एकदम अगं-तुगंवर आले. "काल विम्यासाठी पारखी आला होता. हातात घेतला आणि म्हणाला, साहेब, ही काच आहे. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी नाही. माझा स्फटिकाचा ब्रोच! मंडळाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असलेला! खरा ठेवून घेतलास आणि ही काच माझ्या गळ्यात मारलीस."

"मी काही बदललेलं नाही. आला तसाच गेला तो."

"आला तेव्हा तो काचेचा होता म्हणतेस?"

तिनं खाली ठेवलेला चिमटा पुन्हा उचलला.

"बोल ना! भिंग गळ्यात शोभेला अडकवलंयस? काच होती तर तेव्हाच का नाही सांगितलंस?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते तोंडावाटे काढता येत नव्हतं. श्वानसाहेबांनी तिच्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांना हवा तसा लावला. "रविवारी मंडळ बसतंय. तुला तिथं यावं लागेल. आठही जणांना तुझ्या तोंडून ऐकू दे," असं म्हणून डबी उचलून ते निघून गेले. जाताना दार मुद्दाम उघडं टाकलं. शेजारचा कुलूपवाला आणि समोरचा शिंपी आपापल्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि न ऐकल्याचं नाटकही त्यांना नीट जमत नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती. दीड महिन्यापूर्वी तो ब्रोच आला, तेव्हा फास घट्ट करताना धूळ साफ करावी म्हणून तिनं मधला खडा कोंदणातून काढला. अशा ब्रोचची खुबी मोठी असते. स्फटिकाचा अर्धा गोल घ्यायचा, त्याच्या सपाट पाठीत कुत्र्याचा चेहरा उलटा कोरायचा, त्या खळग्यात एकेका केसाच्या कुंचल्यानं रंग भरायचे आणि मागून शिंपल्याचं पातळ पान बसवायचं. पुढून पाहिलं की पाण्याच्या थेंबात जिवंत कुत्रं बसल्यासारखं वाटतं. तिनं सवयीनं खडा ओठाला लावला. स्फटिक थंडच राहतो, काच लगेच ओठाची ऊब घेते. हा खडा लगेच कोमट झाला. मग तिनं भिंग डोळ्याला लावलं. कुत्र्याच्या नाकाजवळ टाचणीच्या टोकाएवढा गोल बुडबुडा होता. म्हणजे काचच.

एवढ्यावर तिनं साहेबांना निरोप धाडला असता. पण त्याच वेळी तिची नजर कुत्र्याच्या कानाकडे गेली. पांढरं-तपकिरी कुत्रं, उजवा कान ताठ, डावा मुडपलेला, आणि मुडपलेल्या कानाच्या कडेला तिकोनी खाच.

ती गिरकी होती. त्यांची गिरकी. स्वतःच्या शेपटीमागे गरागरा फिरायची म्हणून ते नाव. तो कान दारात सापडला होता आणि ते दार हिनंच, वयाच्या नवव्या वर्षी, शाळेला उशीर झाला म्हणून धाडकन ओढलं होतं. कुत्री मेल्यालाही तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली. तो कान एवढा तंतोतंत कोरू शकेल असा माणूस जगात एकच होता, आणि तो मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसून रेडिओ ऐकत होता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं खडा पुन्हा बसवला, फास घट्ट केला आणि ब्रोच गुपचूप परत केला. वडिलांनाही काही विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला डिवचा, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे उत्तर ऐकायची तिची तयारी नव्हती.

आता मात्र गत्यंतर उरलं नाही. दुकानाचं दार लावून ती मागच्या खोलीत गेली आणि रेडिओ बंद केला.

"ऐकलंत ना?"

"मी आंधळा आहे, बहिरा नाही," वडील म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, तो ब्रोच तुम्ही केलात."

"ओळखलास? कशावरून?"

"गिरकीच्या कानावरून."

म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वा! बावीस वर्षं त्या गाढवाच्या कपाटात पडलाय, एकालाही दिसलं नाही. चार महिने लागले मला. स्फटिकापेक्षा काच कोरणं अवघड, मध्येच टवका उडतो. सात फुकट गेल्या, आठवी साधली."

"आणि त्यांना जुना म्हणून विकलात."

"विकला. का, तेही ऐक." त्यांचा आवाज चढला. "त्याच्या आधीच्या वर्षी मी त्याला अस्सल वस्तू नेऊन दिली होती. करड्या शिकारी कुत्रीचं डोकं, खरा स्फटिक. आयुष्यात तसं काम मी दोनदा पाहिलं. यानं ती तीन महिने ठेवून घेतली, दहा जणांना दाखवली आणि मग परत पाठवली. वर चिठ्ठी, 'काच आहे'. एवढ्यावर थांबला नाही. बाजारभर सांगत सुटला की हा माणूस काचा विकतो. तुझ्या आईनं त्या वर्षी बाजारात जाणं सोडलं, आठवतं? बायका तिला बघून कुजबुजायच्या. मग मी म्हटलं, बाबा रे, तुला खऱ्यात काच दिसते ना? मग घे, काचेत खरं बघ. कुत्र्याचा दागिना म्हटला की तो माझ्याही दारात येणारच होता, आणि आला."

तिला आईचं ते वर्ष आठवत होतं. कारण मात्र आज कळलं होतं.

"मग आता काय करायचं?" ती म्हणाली.

"सांग की! मी कुठं नको म्हणतोय? बावीस वर्षं या दिवसाची वाट बघतोय मी. भर मंडळात सांग."

"आणि दुकान? उद्या मंडळातला प्रत्येक जण म्हणेल, हिच्या बापाकडून मीही घेतलंय, माझंही खोटं असेल. कोण पाऊल ठेवेल इथं?"

"इतर एकही खोटं नाही. तो एकच."

"मला पटतं हो! त्यांना कोण पटवणार?" ती म्हणाली. "तुम्ही सूड उगवलात आणि झोपलात. बिल मात्र माझ्या नावावर फाडलंत. एकदा तरी मला सांगायचं होतंत."

म्हाताऱ्यानं चाचपडत रेडिओचं बटण शोधलं, पण फिरवलं नाही.

तिनं मधला मार्ग काढायचा ठरवला. शनिवारी सकाळी ती एकटीच श्वानसाहेबांच्या घरी गेली. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या, पायात आवाज न करणाऱ्या सपाता. कपाटांच्या खोलीत साहेब मऊ फडक्यानं एक टायपिन पुसत बसले होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: काच, बुडबुडा, कान, वडील. त्या जुन्या चिठ्ठीचं तेवढं वगळलं. आणि हात जोडून म्हणाली, "चूक आमच्या घरची आहे. ब्रोचची भरपाई मी करते. पण चोरीचा आळ मागे घ्या. बाहेर काही बोलू नका, मीही बोलणार नाही."

श्वानसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी टायपिन कपाटात ठेवून दार लावलं. मग म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे असं काही झालेलं नाही. तो ब्रोच मी स्वतःच्या नजरेनं निवडला. माझी नजर चुकत नाही. मंडळाचं पुस्तक मी लिहिलंय, लोक मला विचारून खरेदी करतात." त्यांनी आवाज खाली आणला. "एक समजून घे. चोरी झाली म्हटलं की लोक हळहळतात. फसलो म्हटलं की हसतात. या वयात मी हसं करून घेणार नाही. तू चोर आहेस. उद्या मी हेच सांगणार."

"मी चोर नाही हे तुम्हाला आता माहीत आहे."

"सिद्ध कर."

दाराशी त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो तसाच परत नेला.

त्या दोन शब्दांनी तिच्या मनातली उरलीसुरली भीड संपली. घरी येऊन तिनं मंडळाचं पुस्तक शोधून काढलं. पंधरा वर्षांपूर्वी छापलेलं, मुखपृष्ठावर तोच ब्रोच, हाताच्या तळव्याएवढा मोठा करून. तिनं भिंग लावलं आणि तिला हसू आलं. मग आईच्या ट्रंकेतून एक फोटो काढला आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "उद्या दाढी करून तयार राहा. पण बोलायचं मी सांगेन तेव्हाच."

मंडळ रविवारी दहाला चिटणीसबाईंच्या घरी बसलं. या बाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजून सगळ्यांशी वर्गात असल्यासारख्याच बोलायच्या. लांब टेबलावर हिरवं मखमली कापड अंथरलेलं, भोवती आठ माणसं. बापलेकीला कुणी बसा म्हटलं नाही. तिनंच एक खुर्ची ओढली आणि वडिलांना बसवलं.

श्वानसाहेबांनी भाषण तयार करून आणलं होतं. विश्वास, परंपरा, घरची मुलगी समजून टाकलेली जबाबदारी, आणि केसानं कापलेला गळा. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एक दातांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, वस्तू परत द्या, आम्ही पोलिसांत जाणार नाही." ते हे उपकार केल्यासारखं म्हणाले.

"मला तीन मिनिटं द्या," ती म्हणाली. गळ्यातलं भिंग काढून तिनं चिटणीसबाईंच्या हातात दिलं. "बाई, टेबलावरच्या या ब्रोचमध्ये कुत्र्याच्या नाकाजवळ काय दिसतं?"

"गोल ठिपका. बुडबुडा असावा."

"आणि डाव्या कानाला?"

"तिकोनी खाच."

"आता हे मुखपृष्ठ बघा. पंधरा वर्षांपूर्वीचं."

चिटणीसबाई वाकल्या. त्यांनी ब्रोच पाहिला, पुस्तक पाहिलं, पुन्हा ब्रोच पाहिला. "तोच बुडबुडा," त्या म्हणाल्या. "तीच खाच. हा तोच ब्रोच आहे. बदललेला नाही." भिंग त्यांनी डॉक्टरांकडे दिलं. डॉक्टरांनी पुढच्याकडे. आठव्या माणसापर्यंत ते पोचलं तेव्हा श्वानसाहेब उभे होते.

"छपाईचा दोष आहे तो!"

"छपाईचा दोष ब्रोचवर कसा उमटेल?" चिटणीसबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

मग तिनं फोटो ठेवला. दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची मुलगी, मांडीवर कुत्री, कानाची पट्टी सुटल्यावर दिसणारी तिकोनी खाच. आणि वडिलांच्या खांद्याला हात लावला.

म्हाताऱ्याला दुसरं काय हवं होतं? सांगताना त्यानं एकही शब्द गाळला नाही. करडी शिकारी कुत्री, तीन महिने, 'काच आहे' ही चिठ्ठी, सगळं. चिठ्ठी त्यानं जपून ठेवली होती. ती कोटाच्या आतल्या खिशातून निघाली. हे लेकीलाही माहीत नव्हतं. "आणि ती अस्सल वस्तू, साहेब, तुम्ही नाकारलेली," तो आवाजाच्या दिशेनं मान वळवून म्हणाला, "ती आज कुठं आहे, विचारा की."

चिटणीसबाईंचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. तिथं करड्या कुत्रीचं डोकं होतं. विम्याच्या पारख्यानं गेल्याच आठवड्यात ते हातात घेऊन अस्सल म्हणून शाबासकी दिली होती.

कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, पण हसलं नक्की. श्वानसाहेबांनी ब्रोच उचलला, कोटाच्या खिशात टाकला आणि काठी आपटत दाराकडे गेले. उंबऱ्यावर वळून म्हणाले, "बाप भामटा आणि मुलगी त्याची साथीदार. दीड महिना तोंड शिवून बसली होती. विसरू नका." 

आळ गेला. पण शेवटचं वाक्य खरं होतं आणि ते सगळ्यांच्या कानात राहिलं. भिंगवालीला वाटलं होतं, निदान कुणीतरी दोन शब्द बरे बोलेल. डॉक्टर उठून तिच्याजवळ आले ते एवढंच विचारायला, "तुमच्या वडिलांकडून मी दोन कफलिंक घेतल्यात. त्या कशा आहेत?"

"खऱ्या आहेत."

"हो, तुम्ही तेच म्हणणार," डॉक्टर म्हणाले.

पायऱ्या उतरताना म्हातारा खुशीत होता. "चेहरा कसा झाला होता गं त्याचा? सांग ना. मला दिसलं नाही."

"मी बघितला नाही," ती म्हणाली. बघितला होता. पण तो आनंद त्यांना द्यायची तिची इच्छा नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत मंडळातलं एकही माणूस दुकानात फिरकलं नाही. घड्याळांचे पट्टे, तुटलेल्या साखळ्या, चष्म्याच्या दांड्या, यांवर दुकान रेटलं. घरात बापलेकीचं बोलणं औषधाच्या वेळेपुरतं उरलं. म्हाताऱ्यानं एकदा आपली जुनी कोरणी मागितली, नुसती धरायला. तिनं ती कुलपात ठेवली होती, तिथंच राहू दिली. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर रिकामीच हलत राहिली. तिला दिसत होतं, तरी किल्ली काढली नाही.

मग एका दुपारी श्वानसाहेबांच्या पत्नी आल्या. तशाच, पायाचा आवाज न करता. त्यांनी पिशवीतून एक चपटी पेटी काढली. आत दहा दागिने होते.

"तुमच्या वडिलांकडून घेतलेले हे बाकीचे," त्या म्हणाल्या. "यांची झोप उडालीय. रोज एकेक काढतात, ओठाला लावतात, पुन्हा ठेवतात. दुसऱ्या पारख्याला दाखवायची हिंमत होत नाही. आज ते दवाखान्यात गेलेत, म्हणून आणले. बघून द्याल?"

तिनं तासभर लावला. एकेक ओठाला लावला, भिंगाखाली धरला, पाठ पाहिली. मग पेटी त्यांच्याकडे सरकवली.

"दहाही खरे आहेत. लिहून देऊ?"

"द्या."

तिनं कागदावर लिहिलं, सही केली. बाईंनी तो वाचला, घडी घातली, पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

"साहेबांना बरं वाटेल," भिंगवाली म्हणाली. ते तिच्या तोंडून कडूच निघालं.

"त्यांना मी दाखवणार नाही," बाई म्हणाल्या. अगदी शांतपणे. "लग्न झालं तेव्हा मी माहेराहून एक कुत्रा आणला होता. यांनी पंधरा दिवसांत दुसऱ्याला देऊन टाकला. केस गळतात, कपाटांना ओरखडे पडतात म्हणून. त्यानंतर पुन्हा आणू दिला नाही. चाळीस वर्षं मी या घरात सोन्याचे कुत्रे पुसतेय." त्यांनी पेटी पिशवीत ठेवली. "राहू दे अजून थोडे दिवस ओठाला लावत."

त्या गेल्यावर भिंगवालीनं फोनकडे पाहिलं. एक फोन केला असता तर काम भागलं असतं. साहेबांची झोप परत आली असती. कदाचित मंडळातली चार गिऱ्हाइकंही. तिनं फोन हातात घेतलासुद्धा. मग तिला "सिद्ध कर" हे शब्द आठवले, आणि तिनं फोन खाली ठेवून समोरचा चष्मा उचलला. त्याच्या दांडीचा स्क्रू पार झिजला होता आणि चष्म्याचा मालक पाच वाजता येणार होता.